बेरीज कोणी करायची?

गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाच्या फायलीत सगळ्यात वर डिस्चार्ज समरी असते. तिच्यात औषधांचा तक्ता असतो आणि तक्त्यात नावांपुढे छोट्या खुणा: बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे लागेल तशी. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी बरेचदा एसओएस असते. झोपेची गोळी अर्थातच एचएस. कागदावर या दोन खुणांचा एकमेकींशी काही संबंध नाही, घरात मात्र आहे. दिवसा माणसं भेटायला येतात, फोन चालू असतात, फिजिओथेरपिस्ट येऊन जातो, दुखणं सोसवतं. दिवे मालवले की गुडघा ठणकू लागतो. त्यामुळे ‘लागेल तशी’ गोळी लागते ती नेमकी रात्री दहाला, झोपेच्या गोळीच्या वेळी. दोन डॉक्टरांनी, दोन वेगळ्या कारणांनी, कधी दोन वेगळ्या शहरांत लिहून दिलेली औषधं पाण्याच्या एकाच घोटाबरोबर पोटात जातात. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर असतात. त्यांची बेरीज मात्र कोणीच केलेली नसते. हे पुस्तक त्या बेरजेविषयी आहे.

विषय जगभरचा आहे, पण गुरुग्राममध्ये तो फार स्पष्ट दिसतो. 1997 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने इथे परदेशातलं कामकाज हाताळणारं केंद्र उघडलं. तेच पुढे जेनपॅक्ट झालं. त्यामागोमाग उद्योग विहार आणि सायबर सिटीत अमेरिकेच्या घड्याळावर चालणारी कार्यालयं उभी राहिली. 2007 मध्ये आर्टेमिस, 2009 मध्ये मेदांता, शिवाय फोर्टिस, मॅक्स, पारस अशी मोठी खासगी रुग्णालयं एकाच शहरात आली. नोकरीसाठी पुण्या-नागपूरहून आलेल्या मुलामुलींच्या कंपनीचा आरोग्यविमा पुष्कळदा आई-वडिलांनाही लागू असतो. मग गुडघा, मणका, हृदय यांची मोठी ऑपरेशनं करून घ्यायला सांगली-अकोल्याचे आई-वडील इकडे येतात, दोन-तीन महिने राहतात आणि परत जातात. फॅमिली डॉक्टर तिकडे, सर्जन इकडे, हृदयरोगतज्ज्ञ तिसऱ्याच इमारतीत. प्रत्येकाकडे आपापल्यापुरती नोंद असते. सगळ्या नोंदी एकत्र कुठे सापडल्याच तर त्या मुलाच्या फ्लॅटमधल्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत.

या सगळ्यात हमखास निसटते ती ‘अर्धी गोळी’. दहा-बारा वर्षांपूर्वी, घरात कोणी गेल्यावर किंवा निवृत्तीनंतरच्या अस्वस्थतेत, गावच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम सुरू केलेलं असतं. ते थांबवायचं राहून जातं. चिठ्ठी घडीवर फाटते, गोळी चालूच राहते. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ विचारतात, ‘और कोई दवाई?’ आई मराठीत सांगते, मुलगा हिंदीत पोचवतो: बीपीची, शुगरची, थायरॉइडची. अर्धी गोळी या यादीत येत नाही. आईने ती लपवलेली नसते, तिच्या लेखी ते औषधच नसतं. मुलाला ती कित्येकदा ठाऊक नसते. ठाऊक असते सुनेला, कारण मेडिकलमधून ती आणून देते तीच. आणि भूलतज्ज्ञांच्या खोलीत नेमकी ती नसते.

वेदनाशामक आणि झोपेची गोळी ही दोन औषधं एकत्र आली की शरीरात काय होतं, ते समजायला अवघड नाही. झोपेतही आपला श्वास चालू राहतो, कारण मेंदूच्या मुळाशी असलेली केंद्रं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर अखंड लक्ष ठेवून असतात. तो वाढला की ती श्वास वाढवायला लावतात, आणि त्यानेही भागलं नाही तर माणसाला जागं करतात. गुरुग्रामच्या एखाद्या सोसायटीतली रात्र डोळ्यांसमोर आणा. गेटवर वॉचमन जागा असतो. काही गडबड झाली तर इंटरकॉम वाजवून तो घरातल्यांना उठवतो. अफूच्या कुळातली वेदनाशामकं, म्हणजे मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल, ब्युप्रेनॉर्फिन, या वॉचमनला गुंगी आणतात. गडबड त्याला उशिरा कळते. झोपेची औषधं घरातल्यांना इतकं गाढ झोपवतात की इंटरकॉम वाजून वाजून बंद पडतो. एकाच बाजूने बिघाड असेल तर दुसरी बाजू बहुधा सावरून घेते. दोन्ही बिघाड एकाच रात्री झाले तर श्वास मंदावत जातो, मधूनमधून थांबतो, आणि गुदमरल्याची जाणीवच बोथट झालेली असल्यामुळे तो माणूस हाकही मारत नाही.

‘आम्ही दोन तासांचं अंतर ठेवतो’ असं पुष्कळ घरांत सांगितलं जातं. या अंतराचा उपयोग जवळपास शून्य. क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 30 ते 40 तास लागतात. डायझेपाम तर त्याहूनही रेंगाळू शकतं. म्हणजे काल रात्रीची गोळी आज रात्रीही हजर असते. ट्रॅमाडॉलचीही एक खोड आहे. यकृतात त्याचं रूपांतर होऊन जे द्रव्य बनतं ते मूळ औषधापेक्षा अधिक जोरकस असतं, आणि ते किती वेगाने बनेल हे माणसाच्या जनुकांवर ठरतं. काहींच्या शरीरात ते फार झपाट्याने बनतं. प्रामुख्याने याच कारणामुळे 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देऊ नये असं बजावलं. मूत्रपिंडं थकलेली असतील तर हे द्रव्य शरीरात साचत जातं. शेजारच्या काकूंना सोसलं ते आपल्या आईला सोसेलच, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

इतकं सगळं माहीत असताना ही जोडी इतक्या सहज का लिहिली जाते? माझ्या मते त्याचं उत्तर दोन्ही औषधांनी कमावलेल्या सौम्यपणाच्या लौकिकात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात झोपेसाठी बार्बिट्युरेट दिली जात; 1903 मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी त्यांतलं पहिलं पुढे आणलं. थोड्या जास्त मात्रेने ती जीव घेत. 1960 मध्ये रोश कंपनीचं लिब्रियम आणि 1963 मध्ये व्हॅलियम बाजारात आलं, तेव्हा डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण बेंझोडायझेपिन कुळातली ही औषधं एकटी घेतली तर क्वचितच प्राणावर बेततात. त्यानंतर आलेल्या झोल्पिडेमकडेही त्याच निर्धास्तपणे पाहिलं गेलं. वेदनेच्या बाजूला जर्मनीत 1977 पासून विकलं जाणारं ट्रॅमाडॉल मॉर्फिनपेक्षा किती तरी हलकं म्हणून जगभर पोचलं. भारतात ते 2018 च्या एप्रिलपर्यंत अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही नव्हतं. एकेकटी पाहिली तर दोन्ही बाजूंची ही ख्याती फारशी खोटी नाही. पण ती एकेकटीची ख्याती आहे, आणि आपण ती जोडीलाही बहाल करून टाकतो.

जोडीचा हिशेब पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला तो अमेरिकेत. 2015 मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात तिथल्या माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2004 ते 2009 या काळात अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्या सैनिकांपैकी 27 टक्क्यांना बेंझोडायझेपिनही मिळत होतं. औषधांच्या अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंपैकी मात्र जवळजवळ निम्मे, 49 टक्के, दोन्ही औषधं एकाच वेळी लिहून दिलेली असताना झाले होते. पुढच्याच वर्षी, 31 ऑगस्ट 2016 रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जवळजवळ 400 औषधांच्या माहितीपत्रकांवर चौकटीतला इशारा सक्तीचा केला. त्यांच्याकडचा तो सर्वांत कडक इशारा. त्याआधी 2008 च्या जानेवारीत अभिनेता हीथ लेजर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये गेला. वैद्यकीय तपासणीत त्याच्या शरीरात सहा औषधं सापडली: दोन अफूजन्य वेदनाशामकं, तीन बेंझोडायझेपिन आणि झोप आणणारं एक अँटिहिस्टामाइन. निष्कर्ष होता, या सर्वांच्या एकत्रित परिणामाने झालेला अपघाती मृत्यू. झोप येत नाही, हे त्याने काही आठवड्यांपूर्वीच मुलाखतीत सांगितलं होतं.

आपल्याकडचे आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. गाझियाबादला ‘एम्स’चं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र आहे. तिथल्या डॉ. अतुल आंबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या सर्व राज्यांत केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 ते 75 या वयोगटातले सुमारे 1.18 कोटी लोक झोपेची किंवा गुंगीची औषधं वैद्यकीय कारणाशिवाय घेतात आणि सुमारे 2.26 कोटी लोक अफूजन्य पदार्थ वापरतात, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. व्यसनाच्या प्रश्नाचा आवाका त्यातून कळतो. पण ज्यांच्यासाठी हे पुस्तक आहे ती माणसं त्या मोजणीत नाहीत. त्यांच्या हातात रीतसर चिठ्ठी आहे, किंबहुना दोन आहेत. ती व्यसनी नाहीत, गोळ्या चोरून घेत नाहीत, आणि म्हणूनच कोणाच्या नजरेत भरत नाहीत.

कायदा अगदीच झोपलेला नाही. घरातली अल्प्राझोलामची स्ट्रिप उजेडात धरा. वर लाल अक्षरांत एनआरएक्स छापलेलं दिसेल आणि जवळच लाल चौकटीत बारीक टायपातली इंग्रजी सूचना. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-1’मध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन ही सगळी आहेत. दुकानदाराने डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. 2020 मध्ये दूरवैद्यकासाठी नियम झाले, त्यांतही अमली आणि मनःप्रभावी औषधं दुरून लिहून देण्यावर सर्वसाधारणपणे बंदी घातली गेली. पण वही दुकानागणिक वेगळी असते. सेक्टर 14 मधल्या दुकानाची वही सेक्टर 56 मधल्या दुकानाला दिसत नाही, आणि अकोल्याची वही गुरुग्रामला दिसायचा प्रश्नच नाही. अमेरिकेत डॉक्टर अशा औषधांच्या नोंदी संगणकावर पाहू शकतात. आपल्याकडे तशी देशव्यापी सोय नाही. शिवाय दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर, लाल चौकट दुसऱ्यावर आणि मुदतीची तारीख तिसऱ्यावर जाते.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर एक प्रकरण विसरता येणार नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीच्या शोधवृत्ताने उघड केलं की मुंबईची एक औषधकंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकाच गोळीत घालून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. टॅपेंटाडॉल अफूजन्य परिणामाचं वेदनाशामक. कॅरिसोप्रोडॉल स्नायू सैल करणारं, पण शरीरात त्याचं मेप्रोबामेट बनतं आणि ते उघडउघड गुंगीचं औषध आहे. म्हणजे आपण जी जोडी अजाणता जुळवतो, ती इथे कारखान्यातच जुळवून एका वेष्टनात घातली होती. घाना आणि नायजेरियातली तरुण मुलं ती नशेसाठी घेत होती. बातमी येताच केंद्र आणि राज्याच्या औषध नियंत्रकांनी तपासणी केली, साठा जप्त केला आणि या मिश्रणाच्या निर्मितीचे व निर्यातीचे परवाने मागे घ्यायचे आदेश निघाले. लोकांनी ही बातमी निर्यातीतला घोटाळा म्हणून वाचली. मला ती औषधशास्त्राचा धडा म्हणूनही वाचावीशी वाटते.

जोडी म्हटलं तरी रात्रीच्या त्या घोटात तिसरं-चौथं औषधही असू शकतं, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्यासाठी आहे. मधुमेहात पायांची आग होते म्हणून दिलेलं प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन श्वासावर परिणाम करू शकतं, असा इशारा अमेरिकेत 2019 मध्ये दिला गेला. आपल्याकडे ती ‘नसांची गोळी’ म्हणून निर्धास्तपणे घेतली जाते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध हेही अफूच्याच कुळातलं. सर्दीच्या गोळ्यांतल्या जुन्या अँटिहिस्टामाइनने गुंगी वाढते. झोपेसाठी दिलेलं ट्रॅझोडोन किंवा नैराश्यावरची काही औषधं ट्रॅमाडॉलबरोबर वेगळाच धोका निर्माण करतात: झटके, ताप, थरथर, गोंधळलेपण. दारू तर या सगळ्यांचीच जोडीदार. रात्रपाळी करून सकाळी घरी येणारा, पाठदुखीसाठी एक आणि दिवसा झोप यावी म्हणून दुसरी गोळी घेणारा, शुक्रवारी त्यावर दोन पेग चढवणारा तिशीतला मुलगा स्वतःला या पुस्तकाचा वाचक समजणार नाही. त्याच्यासाठी एक प्रकरण मुद्दाम लिहिलं आहे.

उत्तरेतल्या हिवाळ्याचाही इथे संबंध येतो. नोव्हेंबरच्या धुरकटात दमेकऱ्यांची आणि जुन्या धूम्रपान करणाऱ्यांची फुप्फुसं आधीच टेकीला आलेली असतात. त्यांना श्वासाची थोडीशीही उणीव परवडत नाही. जानेवारीत इथली थंडी न सोसणारे आपले आई-वडील गरम पाण्याची पिशवी नाहीतर इलेक्ट्रिक ब्लँकेट घेऊन झोपतात. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेंटॅनिलचा पॅच लावलेला असेल तर त्या उबेने औषध ठरल्यापेक्षा जास्त वेगाने रक्तात उतरतं. पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध कित्येक तास झिरपत राहतं. या गोष्टी पॅचच्या माहितीपत्रकात असतात. ते माहितीपत्रक खोक्याबरोबर कचऱ्यात जातं.

आता दुसरी बाजू, जी न सांगता हे पुस्तक हातात देणं धोक्याचं ठरेल. हीच जोडी रुग्णालयात रोज वापरली जाते. दुर्बिणीने आतडं तपासताना, लहानमोठ्या ऑपरेशनात, भूलतज्ज्ञ फेंटॅनिल आणि मिडाझोलाम एका पाठोपाठ देतात आणि रुग्ण हसत घरी जातो. फरक एवढाच की तिथे बोटाला ऑक्सिमीटर असतो, जवळ ऑक्सिजन असतो, उतारा भरून ठेवलेला असतो आणि श्वास मोजण्याखेरीज दुसरं काम नसलेला माणूस उशाशी उभा असतो. घरी औषधं तीच आणि उशाशी फक्त मोबाइलचा चार्जर. उताऱ्यांचंही तसंच. नॅलोक्सोन अफूजन्य औषधाचा परिणाम उतरवतं, पण झोपेच्या गोळीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय त्याचा असर तास-दीड तासात ओसरू शकतो आणि मूळ औषध त्यानंतरही रक्तात असतं.

म्हणून हे पुस्तक वाचून कोणी वेदनाशामक फेकून देऊ नये. भारतात खरी टंचाई वेदनाशमनाचीच आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने कित्येक वर्षं कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं होतं. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली, पण भीती अजून पुरती गेलेली नाही. शेवटच्या आजारात डॉक्टर जाणीवपूर्वक, मात्रा सांभाळून दोन्ही औषधं देतात तेव्हा ती योग्यच असतात. उलट वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी घाबरून एका रात्रीत बंद करणं हाही धोकाच आहे. त्याने झोप उडते, हातपाय थरथरतात, काहींना झटके येतात. ती कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. गोळ्या कमी-जास्त करण्याचा सल्ला या पुस्तकात एकाही पानावर नाही, तो याच कारणामुळे.

एक गोष्ट मात्र प्रस्तावनेतच सांगून ठेवतो, कारण पुढची पानं सगळेच वाचतील असं नाही. अशा रात्री घरच्यांना फसवतं ते घोरणं. ‘दमल्यात बिचाऱ्या, किती दिवसांनी गाढ झोपल्यात’ असं म्हणून दार लोटून घेतलं जातं. नेहमीपेक्षा वेगळं, घरघरतं घोरणं, मधूनच थांबणारा श्वास, हाक मारून, खांदा हलवूनही न उघडणारे डोळे, निळसर ओठ किंवा नखं, टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या बाहुल्या: यांपैकी काहीही दिसलं तर ती झोप नव्हे. जागेपणी, स्वस्थ असताना मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 वेळा चालतो. तो दहाच्या खाली आला तर सकाळची वाट पाहू नये. 112 किंवा 108 ला फोन करावा, माणसाला कुशीवर वळवावं, एकटं सोडू नये, कॉफी पाजू नये, उलटी करवू नये, आणि गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा, कापलेले तुकडेसुद्धा, बरोबर न्यावेत. दिल्लीच्या ‘एम्स’मधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र डॉक्टरांना आणि सामान्य माणसांनाही चोवीस तास माहिती देतं.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात औषधांची कुळं: कोणत्या नावाच्या गोळीत आत काय असतं. दुसऱ्यात माणसं: साठीच्या पुढचे, मूत्रपिंडाचे, दम्याचे आणि झोपेत श्वास अडकणारे रुग्ण, रात्रपाळीवाले. तिसऱ्यात कामं: ऑपरेशनआधी काय सांगायचं, डिस्चार्जच्या दिवशी काय विचारायचं, गावी परतताना कोणते कागद न्यायचे. घाई असेल त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

सगळ्यात शेवटी चार पानी कोरा तक्ता आहे, मराठी आणि इंग्रजी मथळ्यांचा. त्यात रुग्णाच्या पोटात जाणारं सगळं लिहा: बीपीची, शुगरची, खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक काढा, पॅच, अर्धी गोळी, दारूही. लिहिताना सुनेला आणि मेडिकलवाल्याला विचारा. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या आठवणीवर विसंबू नका. मग तो तक्ता प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा, त्यांच्या विषयाचा नसला तरी, आणि एकच प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, यांतली कोणती दोन एका रात्री घ्यायची नाहीत?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

गुरुग्राम